न्याय राज्याचा, भिंती काउंटीच्या: न्यूयॉर्कच्या कोर्टाच्या इमारतींची गोष्ट

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडे फोली स्क्वेअर नावाचा चौक आहे. चौकाच्या पूर्वेला ग्रॅनाइटची एक भलीमोठी षटकोनी इमारत उभी आहे. समोर रुंद पायऱ्या, त्यावर दहा कोरिंथियन खांब. पत्ता ६० सेंटर स्ट्रीट. इथे 'सुप्रीम कोर्ट' भरतं. आपल्याकडून गेलेल्या माणसाला वाटतं, हे अमेरिकेचं, निदान न्यूयॉर्क राज्याचं सर्वोच्च न्यायालय असणार. तसं नाही. अपघाताची भरपाई, घटस्फोट, भागीदारांची भांडणं असे दिवाणी दावे पहिल्यांदा जिथे उभे राहतात ते हे कोर्ट. म्हणजे आपल्या जिल्हा न्यायालयाच्या जवळपासचं. राज्याचं सर्वात वरचं न्यायालय ऑल्बनी या राजधानीत आहे आणि त्याचं नाव 'कोर्ट ऑफ अपील्स'.

हा उलटा प्रकार इतिहासातून आला. १६९१ मध्ये न्यूयॉर्क ही इंग्रजांची वसाहत असताना तिथे 'सुप्रीम कोर्ट ऑफ ज्युडिकेचर' स्थापन झालं, तेव्हा ते नावाप्रमाणे मोठंच होतं. पुढे १८४६ च्या राज्यघटनेने त्याच्या डोक्यावर कोर्ट ऑफ अपील्स बसवलं, पण खालच्याचं नाव कुणी बदललं नाही.

आता काउंटी म्हणजे काय ते पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण एका मोठ्या फरकासह. आपला जिल्हाधिकारी वरून नेमला जातो आणि जिल्हा न्यायालयाची इमारत सरकारी बांधकाम खात्यामार्फत उभी राहते. अमेरिकेत शेरीफ, सरकारी वकील, क्लर्क हे बहुतेक काउंट्यांमध्ये स्थानिक लोक मत देऊन निवडतात आणि कोर्टाची इमारत काउंटी आपल्या करांतून बांधते. कायदा राज्याचा, न्यायाधीश राज्याच्या न्यायव्यवस्थेतले, पण भिंती, छप्पर, खुर्च्या, कोळसा आणि दिवाबत्ती काउंटीची. ज्या गावात कोर्ट ते गाव काउंटीचं ठाणं, म्हणून ग्रामीण अमेरिकेत कोर्ट कुठल्या गावात बांधायचं यावरून गावागावांत हाडवैर झालेलं आहे.

न्यूयॉर्क काउंटी म्हणजे मॅनहॅटन. १६८३ मध्ये वसाहतीचे बारा भाग पाडले, त्यांतली ही एक. त्या काळी शहर आणि काउंटी जवळजवळ एकच होती, पण कागदावर दोन. दोन तिजोऱ्या, दोन मंडळं. ही गोष्ट लक्षात ठेवा, एकोणिसाव्या शतकातल्या चोरीची ती चावी आहे.

सुरुवात मात्र खानावळीतून झाली. १६४२ मध्ये डच गव्हर्नरने पर्ल स्ट्रीटवर एक दगडी खानावळ बांधली. १६५३ मध्ये गावाला नगरपालिका मिळाली आणि त्याच इमारतीचं 'स्टाट हाउस', म्हणजे नगरभवन झालं. न्यायनिवाडाही तिथेच. इंग्रज आल्यावर काही काळ तेच चाललं. मग इमारत खिळखिळी झाली आणि १७०० च्या सुमारास वॉल स्ट्रीटवर नवं सिटी हॉल उभं राहिलं. एकाच छपराखाली नगरपालिका, कोर्ट आणि माळ्यावर तुरुंग.

या वॉल स्ट्रीटच्या इमारतीत सहा वर्षांच्या अंतराने दोन प्रकरणं चालली. पहिलं शाळेच्या पुस्तकांत येतं, दुसरं फारसं येत नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

पहिलं जॉन पीटर झेंगर या मुद्रकाचं. गव्हर्नर विल्यम कॉस्बीवर टीका करणारं साप्ताहिक तो छापायचा. नोव्हेंबर १७३४ मध्ये त्याला राजद्रोही मजकूर छापल्याबद्दल पकडलं. तो आत असताना अंक निघत राहिले ते त्याची बायको ॲना हिच्यामुळे. जेम्स अलेक्झांडर आणि विल्यम स्मिथ या त्याच्या दोन वकिलांनी न्यायाधीशांच्या नेमणुकीलाच हरकत घेतली, तर सरन्यायाधीश डीलान्सीने दोघांच्या सनदा काढून घेतल्या. मग फिलाडेल्फियाहून अँड्र्यू हॅमिल्टन हा नामांकित वकील आला. त्या वेळचा कायदा असा होता की ज्यूरीने, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या पंचांनी, फक्त छापलं की नाही एवढंच ठरवायचं. मजकूर द्रोही आहे का ते न्यायाधीश ठरवणार, आणि तो खरा असला तरी सुटका नाही. हॅमिल्टनने छापल्याचं सरळ कबूल केलं आणि ज्यूरीला सांगितलं, खरं लिहिणं हा गुन्हा आहे का ते तुम्हीच ठरवा. ४ ऑगस्ट १७३५ रोजी ज्यूरीने 'निर्दोष' म्हटलं. मराठी वाचकाला इथे १९०८ चा टिळकांचा खटला आठवणारच. मुंबई हायकोर्टातही ज्यूरी होती; तिने सात विरुद्ध दोन मतांनी टिळकांना दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. ज्यूरीत कोण बसलंय यावर किती अवलंबून असतं ते या दोन निकालांवरून दिसतं.

दुसरं प्रकरण १७४१ चं. शहरात लागोपाठ आगी लागल्या आणि गुलामांनी कट केल्याची आवई उठली. दीडशेहून जास्त कृष्णवर्णीयांना अटक झाली. तेरा जणांना जिवंत जाळलं; सतरा कृष्णवर्णीय आणि चार गोऱ्यांना फाशी दिलं. त्याच इमारतीत, त्याच कोर्टापुढे. आरोपींच्या बाजूने एकही वकील उभा राहिला नाही. झेंगरसाठी सनद गमावलेले अलेक्झांडर आणि स्मिथसुद्धा या वेळी सरकारी बाजूला होते. एका छपराखाली सहा वर्षांपूर्वी मिळालेलं स्वातंत्र्य कुणासाठी होतं आणि कुणासाठी नव्हतं, हे याहून स्पष्ट होणार नाही. १९९१ मध्ये फोली स्क्वेअरजवळ सरकारी कचेरीचा पाया खणताना अठराव्या शतकातली आफ्रिकी लोकांची दफनभूमी सापडली आणि ४१९ जणांचे अवशेष बाहेर आले. आज तिथे राष्ट्रीय स्मारक आहे. आजची सगळी कोर्टं तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर.

वॉल स्ट्रीटची इमारत नंतर फेडरल हॉल झाली, जॉर्ज वॉशिंग्टनने ३० एप्रिल १७८९ ला तिच्या सज्जात शपथ घेतली आणि १८१२ मध्ये ती पाडली गेली. त्याच वर्षी आजचं सिटी हॉल पूर्ण झालं. समोरून संगमरवर, मागून स्वस्त तपकिरी दगड. शहर त्याच्या उत्तरेला वाढणार नाही, मागची बाजू बघतंय कोण, असा हिशेब होता. तो साफ चुकला. पन्नास वर्षांत लोकसंख्या अनेक पटींनी वाढली, कोर्टाला जागा पुरेना, आणि १८५८ मध्ये ऑल्बनीच्या विधिमंडळाने काउंटीसाठी स्वतंत्र कोर्ट बांधायला परवानगी दिली. जागा सिटी हॉलच्या अगदी पाठीमागे, चेंबर्स स्ट्रीटवर. मंजूर रक्कम अडीच लाख डॉलर.

इथे विल्यम ट्वीड येतो. तो महापौर नव्हता. टॅमनी हॉल या डेमोक्रॅटिक पक्षाच्या संघटनेचा म्होरक्या आणि काउंटीच्या सुपरवायझर मंडळाचा सदस्य. गरीब आयरिश स्थलांतरितांना नोकऱ्या, हिवाळ्यात कोळसा, अडीअडचणीला मदत मिळायची ती टॅमनीकडून, म्हणून त्याची मतं पक्की. गंमत अशी की हे मंडळच चोरी थांबवायला बनवलं होतं. १८५७ च्या कायद्याने त्यात बारा सदस्य ठेवले, सहा एका पक्षाचे, सहा दुसऱ्या, म्हणजे एकट्या पक्षाला काही गिळता येऊ नये. झालं असं की दोन्हीकडच्यांनी वाटून घ्यायला सुरुवात केली.

२६ डिसेंबर १८६१ रोजी कोनशिला बसली. वास्तुविशारद जॉन केलम. रचना देखणी होती. मधोमध अष्टकोनी दालन, वर काचेचं छत, ओतीव लोखंडाचे जिने. पण दर थोड्या काळाने मंडळ ऑल्बनीला लिहायचं, पैसे संपले, अजून द्या. आणि ते मिळत गेले. संगमरवर मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्डच्या खाणीतून यायचा, त्या खाणीत ट्वीडचे स्वतःचे हितसंबंध होते.

चोरीची रीत नीट समजून घेऊ. कंत्राटदाराचं खरं काम समजा ३५ डॉलरचं झालं. त्याला सांगितलं जायचं, बिल १०० चं कर. काउंटीचा लेखापरीक्षक जेम्स वॉटसन ते तपासल्याचं दाखवायचा, मंडळ मंजूर करायचं, कंट्रोलर रिचर्ड कॉनोली पैसे सोडायचा, महापौर ओकी हॉल सही करायचा. कंत्राटदार पैसे उचलून ६५ परत आणून द्यायचा आणि ते ट्वीड, कॉनोली, त्यांचा सल्लागार पीटर स्वीनी आणि खालचे लोक ठरलेल्या हिश्शाने वाटून घ्यायचे. टक्केवारी सुरुवातीला कमी होती, शेवटी शेवटी ६५ वर गेली. कागदोपत्री प्रत्येक टप्पा पार पडलेला असायचा. बिल आहे, तपासणी आहे, मंजुरी आहे, सही आहे. फक्त तपासणारा, मंजूर करणारा आणि सही करणारा एकाच टोळीतले. मे १८७० मध्ये नव्या कायद्याखाली हॉल, कॉनोली आणि ट्वीड या तिघांचंच लेखापरीक्षण मंडळ नेमलं गेलं. ते एकदाच बसलं आणि साठ लाखांवर डॉलरच्या बिलांना वाट मोकळी करून दिली.

बिलं कसली होती ते पाहण्यासारखं आहे. अँड्र्यू गार्वी या गिलावा करणाऱ्या कंत्राटदाराच्या नावावर २८ लाख ७० हजार ४६४ डॉलर आणि ६ सेंट. न्यूयॉर्क टाइम्सने लिहिलं, निदान ते सहा सेंट तरी धर्मादायाला द्या. तीन टेबलं आणि चाळीस खुर्च्यांसाठी १,७९,७२९ डॉलर. अकरा तापमापकांसाठी ७,५००. ज्या इमारतीत लाकूडकाम नावाला होतं तिथल्या सुताराला एका महिन्याचे साडेतीन लाखांवर. अडीच लाखांत व्हायच्या इमारतीचा एकूण आकडा सव्वा कोटी डॉलरच्या आसपास धरतात. अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाकडून संपूर्ण अलास्का ७२ लाखांना घेतला होता.

आणि हे बाहेर कसं आलं? जानेवारी १८७१ मध्ये वॉटसन घसरगाडीच्या अपघातात मेला. त्याच्या जागी विश्वासू माणूस बसेपर्यंत हिशेबाच्या वह्या काही काळ नको त्या हातांत राहिल्या. काउंटीच्या कचेरीतला हिशेबनीस मॅथ्यू ओ'रूर्क आणि विल्यम कोपलँड नावाचा कारकून, दोघांनी आपापल्या परीने नोंदी उतरवून घेतल्या. कोपलँडच्या नकला माजी शेरीफ जेम्स ओ'ब्रायनकडे गेल्या. ओ'ब्रायन काही संत नव्हता, त्याचं स्वतःचं बिल अडवलं गेल्यामुळे तो चिडलेला होता. पण कागद खरे होते. जुलै १८७१ मध्ये टाइम्सने ते छापायला घेतले. महिनाअखेरीस खास पुरवणी निघाली, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये, कारण शहरात जर्मन मजूर मोठ्या संख्येने होते. अग्रलेखांची आतषबाजी नव्हती. तारीख, नाव, रक्कम, तारीख, नाव, रक्कम, असे रकानेच्या रकाने. टॉमस नास्टची व्यंगचित्रं त्याआधीपासून गाजत होती, पण माझ्या मते टोळी कोसळली ती या रकान्यांनी. दिव्याखाली बसून वहीतला आकडा न् आकडा उतरवणारा कारकून या सगळ्यात मला सर्वात मोठा वाटतो.

१८७३ मध्ये ट्वीडवर खटला चालला तो याच अर्धवट बांधलेल्या कोर्टात. जानेवारीत ज्यूरीचं एकमत झालं नाही. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या ज्यूरीने २२० पैकी २०४ आरोपांवर दोषी ठरवलं. शिक्षा बारा वर्षांची झाली, वरच्या कोर्टाने ती एका वर्षावर आणली. मग सरकारने साठ लाखांचा दिवाणी दावा लावला, जामिनाला पैसे नव्हते, पुन्हा तुरुंग. डिसेंबर १८७५ मध्ये घरी भेटीला नेलेला असताना तो पळाला, क्यूबामार्गे स्पेनला पोचला, आणि तिथे नास्टच्या व्यंगचित्रावरून ओळखला गेला असं सांगतात. १२ एप्रिल १८७८ रोजी लडलो स्ट्रीटच्या तुरुंगात मेला.

ट्वीडच्या वकिलांमध्ये डेव्हिड डडली फील्ड होता, आणि त्याचा धागा थेट आपल्या कोर्टांपर्यंत येतो. न्यूयॉर्कचे कायदे एका संहितेत बसवण्यासाठी त्याने आयुष्य घातलं. त्याचा दिवाणी संहितेचा मसुदा न्यूयॉर्कने कधीच स्वीकारला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात मात्र १८७२ च्या करार कायद्यातली काही कलमं त्यावरून घेतली गेली आणि १८७७ चा स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट तर मुख्यतः त्यावरच बेतला. १९६३ मध्ये आपण तो कायदा नव्याने केला, पण गाभा बराचसा तोच ठेवला. साठेखत करून नंतर खरेदीखत द्यायला नाकारणाऱ्याविरुद्ध पुण्यात, नाशकात जो 'स्पेसिफिक परफॉर्मन्स'चा दावा पडतो, त्याच्या मुळाशी ट्वीडचा वकील आहे.

चेंबर्स स्ट्रीटची इमारत १८७१ पासून अर्धीच पडून राहिली. केलमही त्याच वर्षी वारला. १८७६ मध्ये लिओपोल्ड आयडलिट्झने काम हाती घेतलं. त्याने केलमची नक्कल केली नाही. मधल्या दालनात रंगीत विटांच्या रोमनेस्क कमानी घातल्या आणि दक्षिणेला निराळ्याच शैलीचा भाग जोडला. १८८१ मध्ये एकदाची ती पूर्ण झाली. दरम्यान १८७४ मध्ये काउंटीचा कारभारच शहरात मिसळून टाकला. सुपरवायझर मंडळ गेलं, दोन तिजोऱ्यांची एक झाली. तेव्हापासून न्यूयॉर्क काउंटीला स्वतःचं सरकार नाही; उरलं आहे ते नाव, कोर्ट, सरकारी वकील आणि क्लर्क.

लोकांना त्या इमारतीची लाज वाटायची, आणि ते समजण्यासारखं आहे. १९४२ मध्ये रस्ता रुंद करायला तिच्या पुढच्या भव्य पायऱ्या तोडल्या. आतल्या रंगीत विटांवर राखाडी रंग फासला. १९७४ मध्ये ती पाडूनच टाकायचा बेत होता. ती वाचली याचा मला आनंद आहे. १९९९ ते २००१ या काळात आठ कोटींहून जास्त डॉलर खर्चून तिची डागडुजी झाली, विटांवरचा रंग खरवडला, पायऱ्या पुन्हा बांधल्या. आता तिथे शहराच्या शिक्षण खात्याचं मुख्यालय आहे. दालनात उभं राहून वर पाहिलं की केलमचं लोखंड कुठे संपतं आणि आयडलिट्झच्या विटा कुठे सुरू होतात ते नुसत्या डोळ्यांनी दिसतं. मधली पाच वर्षं काम बंद होतं ते त्याच रेषेवर.

नव्या कोर्टाची गरज एकोणिसावं शतक संपण्याआधीच पडली होती. फोली स्क्वेअरची जागा निवडली गेली तीही कटकटीचीच. तिथे पूर्वी कलेक्ट पाँड नावाचं तळं होतं. खोल, गोड्या पाण्याचं, सुरुवातीच्या न्यूयॉर्कला पाणी पाजणारं. चामड्याच्या कारखान्यांनी ते नासवलं, मग १८११ च्या सुमारास बुजवलं, आणि ओल्या भरावावर फाइव्ह पॉइंट्स ही शहरातली सर्वात बकाल वस्ती वाढली. १८३८ मध्ये त्याच भरावावर इजिप्शियन थाटाचं कोर्ट आणि तुरुंग बांधलं. लोक त्याला 'टूम्स' म्हणजे थडगी म्हणायचे. ते लवकरच खचायला आणि पाझरायला लागलं.

६० सेंटर स्ट्रीटसाठी १९१३ मध्ये स्पर्धा झाली आणि बोस्टनचा गाय लोवेल जिंकला. त्याचा आराखडा पूर्ण गोल इमारतीचा होता. महायुद्ध आलं, खर्च वाढला, आणि गोलाचा षटकोन झाला. त्याची खुबी आतल्या मांडणीत आहे. मधोमध घुमटाखालचं गोल दालन, तिथून सहा बाजूंना फुटणारे भाग, आणि मधल्या चौकांमुळे सगळीकडे उजेड. फेब्रुवारी १९२७ मध्ये ती खुली झाली. लोवेल त्याच महिन्यात वारला. घुमटातली भित्तिचित्रं १९३० च्या दशकातल्या मंदीत सरकारने कलावंतांना काम दिलं त्यातून आली. आतिलिओ पुस्तेर्लाच्या हाताखाली ती रंगवली गेली.

शेजारची मनोऱ्याची इमारत मात्र काउंटीची नाही. ते केंद्रीय न्यायालय, १९३६ चं, त्याचा पैसा आणि न्यायाधीश वॉशिंग्टनचे. फौजदारी खटले चालतात ते पलीकडे १०० सेंटर स्ट्रीटला. वारसाहक्काचं कोर्ट ३१ चेंबर्स स्ट्रीटला, जुन्या नोंदींच्या इमारतीत. बातम्यांमध्ये या सगळ्यांना सरसकट 'न्यूयॉर्कचं कोर्ट' म्हणतात म्हणून घोटाळा होतो.

खर्चाची वाटणी आजही पूर्ण बदललेली नाही. १९७७ पासून राज्यातली बहुतेक कोर्टं चालवण्याचा, न्यायाधीश आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा भार राज्य उचलतं. इमारत पुरवणं आणि सांभाळणं ही जबाबदारी मात्र स्थानिक सरकारचीच, म्हणजे इथे न्यूयॉर्क शहराची. छत गळलं तर न्यायाधीशाला शहराच्या खात्याची वाट पाहावी लागते.

सुनावणी सहसा सर्वांसाठी खुली असते. दारावर तपासणी होते, मग कुणीही मागच्या बाकावर जाऊन बसावं. आणि मॅनहॅटनमध्ये राहणाऱ्या, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाचा या इमारतींशी संबंध कधी ना कधी येतोच. मतदार यादी, कर, वाहन परवाना अशा नोंदींतून नावं काढली जातात आणि ज्यूरीचं बोलावणं घरी येतं. ग्रीन कार्डवर असाल तर ज्यूरीत बसता येत नाही, पण आलेल्या प्रश्नावलीला तसं उत्तर द्यावंच लागतं. बोलावणं पाठवणारा असतो काउंटी क्लर्क, आणि हजर व्हायचं असतं ते बहुतेक वेळा याच सेंटर स्ट्रीटवर.